तेराव्या पायरीवरची गोष्ट

पहिल्याच पायरीवर पाय अर्ध्या इंचाहून थोडा जास्त खाली पडला. एवढ्याशा अंतराला कोणी पडणं म्हणत नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याने पन्नास वर्षं जिने केले त्याच्या पायाला ते विहिरीत पडल्यासारखं लागतं. सवयीने मी पाय सात इंच उचलला होता आणि पायरी सात इंचांवर नव्हतीच. ती खाली निवांत बसून होती, एखाद्या ओळखीच्या माणसाने आपण हाक मारायच्या आधीच ओ द्यावी तशी. उजव्या हातातला पेला डुचमळला. काठाच्या वर फुगून आलेलं पाणी एका बाजूला झुकलं, अंगठ्याजवळ गार काहीतरी आल्याचा भास झाला आणि मग ते हळूहळू सपाट झालं. डोळ्यांवर पट्टी होती, त्यामुळे सांडलं का हे बोटांनाच विचारावं लागलं. बोटं म्हणाली, नाही. मी आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिलो, कारण बोटं माझीच आहेत आणि माझ्या घरचं कोणीही पहिल्या विचारण्याला खरं सांगत नाही.

आमच्या धंद्यातली ही जुनी रीत. नवा जिना झाला की त्याच्यावर पहिल्यांदा चढायचं ते दुसऱ्या जिनेवाल्याने, आणि त्याने तो जिना आधी पाहिलेला नसावा. दारातच त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, हातात काठोकाठ भरलेला पेला द्यायचा. तो वर पोचेपर्यंत कोणी बोलायचं नाही, त्यानेही नाही. थेंब सांडला नाही तर जिना पास. सांडला तर ज्याने केला त्याने स्वतःच्या हातांनी तो उतरवायचा, फळी न् फळी. चांगला जिना पायाला फसवत नाही, एवढाच त्यातला अर्थ. हे कुठे लिहिलेलं नाही. इमारतवाल्यांना वाटतं म्हाताऱ्याचं काहीतरी व्रत असेल आणि ते सभ्यपणे बाजूला उभे राहतात. आज वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई तशाच उभ्या होत्या. त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा मधूनच खुळखुळे आणि त्या तो मुठीत दाबून गप्प करत. ही रीत अजून पाळणारे आता किती? मला धरून दोन. दुसरी माझी लेक, आणि हा जिना तिचा. पहिला.

घरात ती ठकी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून तिच्या आईने ठेवलेलं नाव, आता एकतीस वर्षांची झाली तरी गेलेलं नाही, आणि तो ताठपणाही गेलेला नाही. काल जेवताना तिने सांगून टाकलं होतं की सांडलं तर ती जिना उतरवील आणि परवापासून कपाटं करील. कपाटं वाईट नसतात. पण ज्या सुरात ती 'कपाटं' म्हणाली त्याच सुरात मी चोविसाव्या वर्षी 'स्टुलं' म्हणालो होतो, म्हणून मला ठाऊक होतं की ही बोलली तसं करील. मी भात कालवत राहिलो. सकाळी पट्टीसाठी उशीचा जुना अभ्रा फाडताना तिची आई म्हणाली, "चढेपर्यंत तोंड बंद ठेवायचं असतं ना? मग पाण्याचं काय घेऊन बसलात. त्याच्याआधी तुम्हीच फुटाल."

पहिल्या पायरीवर उभा राहून मी घाबरलो होतो ते वेगळ्याच कारणाने. नव्या जिनेवाल्याची एक ठरलेली चूक असते. खालची फरशी बसायच्या आधीच तो माप घेतो, जिना उभा करतो, आणि मग फरशीवाले येऊन आपली फरशी त्याच्या पायाशी बसवून जातात. पहिली पायरी तेवढी बुटकी होते. बाकीच्या पायऱ्या सात इंची आणि पहिली सहाची. बघणाऱ्याला दिसत नाही, पण माणूस दुसऱ्या पायरीला ठेचकाळतो. माझ्या मनात आलं, ठकीने ती चूक केली. पोरीने ओळंबा सोडला असेल, काटकोन बघायला गुण्या लावला असेल, एकेक फळी गालाला लावून बघितली असेल आणि फरशी विसरली. आता दुसऱ्या पायरीला माझा पाय आपटणार आणि सगळं संपणार. हा हॉल मीच मापला होता, थंडीत, तिच्या हातात फितीचं दुसरं टोक देऊन: खालच्या फरशीपासून वरच्या मजल्यापर्यंत अकरा फूट एक इंच. म्हणजे एकशे तेहेतीस. सातने भागा, एकोणीस पायऱ्या, एक कणही उरत नाही. इतका गोंडस भागाकार धंद्यात क्वचित मिळतो. मी तिला तसं म्हणालोही होतो. ती फीत गुंडाळत म्हणाली, बघते. त्यानंतर तिच्या टेबलाजवळ गेलो की ती कागदावर आडवा हात ठेवायची.

दुसरी पायरी. मी पाय जपून उचलला, सातच, कारण पाय माझं ऐकत नाही, आणि तो परत तेवढाच खाली पडला. तेवढाच. म्हणजे फरशी नव्हती. म्हणजे ही चूक नव्हती, हे मुद्दाम होतं, आणि अंधारात उभ्या उभ्या मला इतकं हसू आलं की पेला दोन्ही हातांनी धरावा लागला. तिसऱ्या पायरीपासून पायाला समजलं. शिकवायला लागलं नाही. सहा आणि वर एक तृतीयांश, असं मी पायाने मोजलं, आणि माझ्या पायाचं माप चुकत नाही. एकदा एका बँकेच्या जिन्यावर मी बुटातून सांगितलं होतं की नवव्या पायरीखाली खिळा वाकडा आहे, आणि उकलून बघितलं तर तो वाकडा होताच, शिवाय कोणत्या हाताच्या सुताराने मारला तेही मी सांगितलं होतं. डावखुऱ्या.

चौथी, पाचवी. डाव्या हाताखाली कठडा होता, तेल नुकतंच मुरलेलं, आणि नव्या लाकडाचा वास येत होता, जो मला अजूनही दुपारच्या सुट्टीसारखा वाटतो. आमचे उस्ताद म्हणायचे, जिना आधी डोक्यात चढ. त्यांच्या कारखान्यात आम्ही सातजण होतो, आणि नव्या माणसाला ते पहिल्या दिवशी एकच विचारत: काय दिसतं? कोणी म्हणे, मला मोठा कारागीर व्हायचंय. ते म्हणत, ते व्हायचं झालं, दिसतं काय? कोणी म्हणे, नाव काढायचंय. ते पुन्हा तेच विचारत आणि रंधा मारत राहत. त्यातले बरेच जण माझ्याहून हुशार होते, दोघांचा हात तर माझ्याहून साफ होता. पण मला दिसत होतं. मी म्हणालो, एक गोल जिना दिसतो, मधे खांब नाही, कशालाच टेकलेला नाही, सकाळचं ऊन त्याच्यावर वरून पडतंय, आणि चढणाऱ्याला तो कधी संपला हे कळत नाही. उस्तादांनी रंधा थांबवला. म्हणाले, किती पायऱ्या? मी म्हणालो, चौतीस. त्यांनी विचारलं, सतराव्या पायरीवर ऊन आहे का? मी डोळे मिटले, बघितलं आणि म्हणालो, अर्ध्या. ते म्हणाले, राहा.

पुढची अकरा वर्षं मी तो जिना रोज डोक्यात चढलो. स्टुलं करताना चढलो, दारं बसवताना चढलो, लग्नात शेजारी बायको उभी असताना चढलो. तिने ते ओळखलं आणि अजून ऐकवते. इतका चढलो की गुडघे धरले, आणि डॉक्टरांनी विचारलं, राहता कितव्या मजल्यावर? मी म्हणालो, तळमजल्यावर. शेवटी एका नाट्यगृहाने मला बोलावलं आणि विचारलं, असं असं काही करता येईल का, तेव्हा मला काही करायचंच नव्हतं, नुसतं डोक्यातून उतरवून काढायचं होतं. तो जिना झाला. तो मला दिसला होता तसाच झाला, सतराव्या पायरीवर अर्धं ऊन धरून. लांबून लांबून लोक आले. नाट्यगृहाचं मांजर पहिल्या दिवशी त्याच्यावरून इतक्या तंद्रीत चढलं की जिना संपल्यावर आणखी दोन पायऱ्या हवेत चढून गेलं, आणि मग खाली बघून ओशाळं होऊन परत आलं. हे मी स्वतः पाहिलं आहे. ठकीला ही गोष्ट फार आवडायची. नऊ वर्षांची असताना तिने माझ्या त्या जिन्याचं चित्र, जे मी कारखान्यात भिंतीवर लावलं होतं, बराच वेळ बघून विचारलं, "ह्याच्यात माणूस कुठाय?" मी म्हणालो, माणूस कशाला हवा, जिना बघ. तिने बघितला. आजही लोक तो जिना बघायला येतात, फोटो काढतात, मान वर करून वा म्हणतात आणि मग वर जायला लिफ्ट घेतात. चौतीस पायऱ्या, सात सात इंचांच्या. मी स्वतः तो शेवटचा कधी चढलो ते विचारू नका.

दहावी. अकरावी. दम लागायला लागला होता, आणि दम लागला की पेल्याला आधी कळतं. छातीतला भाता हातात येतो. चढ हलका होता म्हणून मी इथवर आलो होतो. सात इंची असता तर आठवीलाच पाणी बोटांवर आलं असतं. पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला हलका चढही चढच. आमच्या घरच्या जिन्यावर, हल्ली आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, मी तेराव्या पायरीशी थांबतो. थांबतो ते दमलो म्हणून नाही. मला तिथे नेमकी एखादी गोष्ट आठवते. मग मी कोपर कठड्यावर टेकतो आणि ठकीला सांगतो, की एकदा काय झालं, उस्तादांकडे एक सावकाश चालणारा माणूस आला, आणि ती भाजीच्या पिशव्या घेऊन एक पायरी खाली उभी राहते आणि म्हणते, "मग पुढे?" गोष्ट आपली माझ्या छातीच्या लांबीची होते. छाती शांत झाली की गोष्टीतला माणूस घरी पोचतो. गेली सहासात वर्षं हे चालू आहे. गोष्टी लांबत चालल्या आहेत, आणि माझी समजूत होती की तिला वाटतं बाबा म्हातारपणी बडबडे झाले.

बारावी. मग तेराव्या पायरीवर मी पाय ठेवला आणि पुढे सरकवला, पुढच्या पायरीची कड शोधायला, आणि कड लागली नाही. आणखी सरकवला. नाही. पायरी संपतच नव्हती. दोन पावलं नीट ठेवून उभं राहता येईल, पिशवी टेकवता येईल, मागच्याला वाट देता येईल एवढी रुंद. आणि कठड्यावरून पुढे गेलेला माझा डावा हात एका खळग्यात उतरला. उथळ, गुळगुळीत, पटाशीने काढून मग कितीतरी वेळ घासलेला. मी हात मागे घेतला आणि कोपर ठेवलं. बसलं. साच्यातून काढल्यासारखं बसलं.

मी तिथे उभा राहिलो. बाईंच्या किल्ल्या वाजल्या आणि थांबल्या. ठकीच्या आईला हे सांगितलं तर ती विश्वास ठेवणार नाही. सहासात वर्षं ती पोरगी पिशव्या घेऊन एक पायरी खाली उभी होती, मग पुढे म्हणत होती, आणि बघत होती. गोष्ट नव्हे, मला. तिने हे काम घेतलं तेव्हा मीही उस्तादांसारखं विचारलं होतं, काय दिसतं? ती म्हणाली होती, दिसतंय, पण सांगणार नाही. बाईंनी तिला सांगितलेलं मला आठवलं, की जुना जिना इतका उभा होता की म्हातारे वाचक वरच्या दालनात यायचेच बंद झाले, खालून चिठ्ठी पाठवायचे आणि वरून पुस्तक यायचं. तिला जिना दिसलाच नव्हता. तिला एक म्हातारा चढताना दिसला होता, पायरी न् पायरी, तो कुठे कठडा घट्ट धरतो, कुठे थापा मारायला लागतो, आणि तिने नुसता त्याच्या पायाखाली लाकूड ठेवत ठेवत त्याला वर नेलं होतं. माझ्या डोक्यातला जिना पन्नास वर्षं लख्ख होता, आणि रिकामा.

छाती मात्र अजून शांत होत नव्हती, उलट हे सगळं सुचल्यावर जास्तच हलायला लागली, आणि पाणी काठावर थरथरताना मला ऐकू येत होतं. अजून किती पायऱ्या होत्या ठाऊक नाही. एकोणीस तर नक्की नाहीत. एकशे तेहेतीसला सहा आणि एक तृतीयांशने भागायला मी सुरुवात केली आणि तिसऱ्या वेळी बत्तीस आल्यावर सोडून दिलं. आणि मग मला सुचलं की पट्टी माझ्या डोळ्यांवर आहे, पण पाठ सगळ्यांकडे आहे. दोन घोट. दोनच. पेला बोटभर उतरला की वरपर्यंत नाचत गेलो तरी सांडणार नाही. ठकी कपाटं करणार नाही. कोणाला कळणार?

मला कळलं होतं. माझा पहिला जिना, चोविसाव्या वर्षीचा, एका शाळेतला, पंधरा पायऱ्यांचा, त्यावर उस्ताद स्वतः चढले होते. हाच पेला, जाड बुडाचा, नंतर त्यांनी मला दिला. ते वर पोचले, पट्टी काढली, पेला सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, पास. सगळ्यांनी पाठ थोपटली. मी मात्र त्यांच्या मिशीकडे बघत होतो. मिशी ओली होती. घाम असेल. उन्हाळा होता. पण घाम कपाळावर नव्हता, मानेवर नव्हता, नुसता मिशीच्या डाव्या टोकाला एक थेंब लोंबत होता. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि पुढे ते गेले. नाट्यगृहात लोक वा म्हणत होते त्या दिवशीही तो थेंब मला दिसला. म्हाताऱ्याने माझ्यावर माया केली होती की माझा जिना खरंच चांगला होता? पन्नास वर्षं मी हे विनोद म्हणून सांगत आलो, उस्तादांच्या मिशीची नक्कल करून. ठकीला तर घरच्या तेराव्या पायरीवर निदान वीस वेळा सांगितलं असेल. ती हसायची. विसाव्या वेळी ती हसली होती का, ते आता आठवेना.

पेला ओठांपासून वीतभर होता. पाण्यालाही वास असतो, तहान लागली की येतो. मी कोपर खळग्यात आणखी दाबलं, पोरीने केलेल्या जागेत सगळा भार टाकला, आणि मनातल्या मनात एक गोष्ट सुरू केली. एकदा काय झालं, एक म्हातारा जिना चढत होता. मग पुढे? मग त्याला मधे एक रुंद पायरी लागली. मग पुढे? मग तो तिथे चांगला उभा राहिला, कारण ती जागा त्याच्याकरताच होती आणि कोणालाही घाई नव्हती. मग पुढे? छाती हळूहळू खाली बसली. पाणी गप्प झालं. गोष्टीतला म्हातारा निघाला, तसा मीही निघालो.

चौदा, पंधरा. आता मी मोजत होतो तो केवळ नाद म्हणून. एकोणिसावीला पायाची जुनी सवय उठून म्हणाली, आला मजला. मी तिला म्हणालो, बस खाली, हा तुझा जिना नाही. पट्टीतून तांबूस उजेड यायला लागला, वर कुठेतरी मोठी खिडकी असावी. कागदांचा वास आला. मला ठकीच्या डोक्यातला तो म्हातारा आता स्वच्छ दिसत होता, जरा वाकलेला, गुडघ्याने लबाडी करणारा, मिशाळ, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडला. त्याच्या पावलावर पाऊल टाकत गेलो. कठडा हाताखाली हळूच सपाट होत गेला, कुठे वळला कुठे निजला हे सांगता येणार नाही, आणि हात पायाला काहीतरी म्हणाला असेल, कारण पाय उचलायचा थांबला आणि नुसता चालायला लागला.

"बाबा, थांबा," ठकीचा आवाज मागून अगदी कानाशी आला. "पुढे पुस्तकांचं कपाट आहे."

मी वर पोचून पाचसहा पावलं चालत गेलो होतो. हाताला कळलं होतं, पायाला कळलं होतं, फक्त मला कळलं नव्हतं. चढणाऱ्याला कधी संपला हे कळत नाही, असा जिना अकरा वर्षं डोक्यात बाळगून मी नाट्यगृहात एक देखणी वस्तू उभी केली होती. आणि तो जिना हा होता, एका वाचनालयात, कोणी फोटो काढणार नाही असा. नाट्यगृहाचं ते मांजर मला एकदम जवळचं वाटलं.

ठकीने माझ्यामागून पट्टी सोडली आणि ती पुढे आली. उजेड डोळ्यांत घुसला, मग त्यात तिचा चेहरा झाला. पेला तिच्यासमोर होता, पाणी काठावर तसंच फुगलेलं. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, नऊ वर्षांची असताना चित्राकडे बघायची तशी, आणि मग तिने एक बोट उचललं आणि माझ्या मिशीच्या डाव्या टोकावरून फिरवलं. उजव्या टोकावरून फिरवलं. बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"कोरडी आहे," ती म्हणाली. मला नव्हे, कोणालाच नव्हे. आणि तिचा तो लाकडी ताठपणा खांद्यापासून खालपर्यंत सैल होत गेलेला मी पहिल्यांदा बघितला.

मग मी पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी एका दमात पिऊन टाकलं, मिशी चांगली निथळेपर्यंत. खाली दारात थांबलेली तिची आई विचारत होती, काय झालं, सांडलं का, कोणी सांगेल का. ठकी कठड्यावरून वाकून म्हणाली, "नाही गं. प्यायले." ग्रंथपाल बाईंनी किल्ल्या मोकळ्या सोडल्या, त्या खूप वेळ वाजत राहिल्या. मी ठकीला विचारलं, किती? ती म्हणाली, एकवीस. मी म्हणालो, एकोणीसमधे भाग जात होता. ती म्हणाली, "भाग जात होता, तुम्ही जात नव्हतात."

यावर मी खाली उतरलो. आधीच सांगतो, उतरायचं काही कारण नव्हतं. वरती खुर्ची मांडली होती. पण मला तो एकदा डोळे उघडे ठेवून चढायचा होता. चढलो. ठकी एक पायरी खाली होती, या वेळी हात रिकामे. तेराव्या पायरीवर मी थांबलो, कोपर ठेवलं आणि तिला त्या मांजराचं पुढे काय झालं ते सांगायला लागलो. दम लागला नव्हता. खरंच सांगतो.